हिरव्या तिकिटांचं प्रकरण

ती घटना अजून मनातून जात नाही, आणि गंमत अशी की ती माझ्या खाकीतल्या नोकरीत घडलेलीच नाही. उभी हयात मी कोकणातल्या पोलीस ठाण्यांत काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधावरून डोकी फोडून घेणारे सख्खे भाऊ पाहिले. पण कुणी विचारलं, 'साहेब, लक्षात राहिलेली एखादी केस सांगा,' तर जिभेवर येते ती सौदीतली, बास्केटबॉलच्या तिकिटांची. ऐकणारा हिरमुसतो. त्याला रक्त हवं असतं.

पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो तेव्हा हातपाय धड होते आणि घरी बसण्याची सवय नव्हती. ओळखीतून धाहरानजवळच्या एका कंत्राटदार कंपनीच्या लेबर कॅम्पवर सुरक्षा अधिकाऱ्याची जागा मिळाली. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं ती. बायको म्हणाली, "जन्मभर माणसांचा बंदोबस्त केलात, आता वाळूचा करा." मुलगे हसले. मी मात्र गेलो.

कॅम्प म्हणजे पत्र्याच्या केबिनांच्या रांगा, एक मेस, एक दवाखाना आणि मधोमध माझं ऑफिस. जित्याची खोड जात नाही म्हणतात, ते खरं आहे. महिनाभरात मी तिथे ठाणं उभं केलं. सकाळी हजेरी, संध्याकाळी गस्त, टेबलावर स्टेशन डायरी. आपली पोरं चेष्टेने म्हणायची, "चला, पोलीस स्टेशनात जाऊन येतो." लॉकअप नव्हता, काठी नव्हती, अटकेचा अधिकार नव्हता. होता तो फक्त रिपोर्ट लिहिण्याचा. पण त्या रिपोर्टचं वजन इथल्या एफआयआरपेक्षा जास्त होतं. मी एक ओळ वाईट लिहिली की माणसाला 'खुरूज' लागायचं, म्हणजे कायमचं घरी. म्हणून पेन हातात घेताना मी दहादा विचार करत असे.

जवळच एका बड्या तेल कंपनीची बंदिस्त वसाहत होती. हिरवळ, बंगले, सिनेमा, सगळं भिंतीच्या आत. त्या वर्षी तिथल्या बंद क्रीडागृहात कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा भरली. शेजारच्या बहरीनमधून एका कॉलेजचा संघ पाहुणा म्हणून आला होता. आता बास्केटबॉलचं वेड फिलिपिनो लोकांना. आपली माणसं क्रिकेटवाली. तरीही आमच्या कॅम्पातल्या कोकणी मंडळींच्या अंगात त्या आठवड्यात एकदम बास्केटबॉल संचारला, कारण बहरीनच्या संघात 'आपला पोरगा' होता.

पोरगा होता आमच्या एका पाइप फिटरचा. नाव सांगत नाही, फिटरच म्हणतो. गुहागरकडचा, पन्नाशीला टेकलेला, कामाला वाघ आणि बोलायला मुका. बायको गावाला. मुलगा लहानपणापासून मामाकडे बहरीनला शिकायला. मधे समुद्रावरचा एक पूल, गाडीने तासाभराचा रस्ता. पण फिटरचा पासपोर्ट कफिलाच्या, म्हणजे तिथल्या मालकाच्या, तिजोरीत, आणि सुट्टी मिळाली की तो गावी जायचा तेव्हा पोराची शाळा, मग कॉलेज चालू असायचं. मुलाला शेवटचं पाहिलं तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. त्या मुलाने फोनवर सांगितलं होतं, "पप्पा, मॅच धाहरानमें है. आप आओगे ना?" संघ वसाहतीच्या आतच उतरणार होता आणि शेवटची मॅच आटपली की लगेच परत जाणार होता. वसाहतीत बाहेरच्या माणसाला मॅचच्या तिकिटाशिवाय प्रवेश नव्हता. म्हणजे बापाने लेकाला भेटायचं तर तिकीट हाच एक रस्ता होता.

तिकिटं विक्रीला निघाली आणि फिलिपिनोंनी सकाळीच उचलली. मग सुरू झाली फेरविक्री. वसाहतीतल्या घरांना तिकिटं वाटून दिलेली होती, ज्यांना जायचं नव्हतं त्यांची तिकिटं हस्ते-परहस्ते बाहेर येऊ लागली. आमच्या मंडळींनी चढ्या भावाने बुधवारच्या उपांत्य सामन्याची तिकिटं घेतली. फिटर आणि त्याच्यासोबत त्याच्या रांगेतले सगळे. इस्त्रीचे शर्ट घालून, अत्तर लावून वऱ्हाड निघावं तशी ती मंडळी निघाली.

आणि हॉलच्या दाराशीच अडली. पहारेकऱ्यांनी तिकिटं पाहिली, एकमेकांकडे पाहिलं आणि सगळ्यांना बाजूला काढलं. तिकिटं काढून घेतली. फिटरने तेवढी मूठ घट्ट मिटून धरली, म्हणून त्याचं राहिलं. आतून टाळ्यांचे आवाज येत होते आणि ही माणसं हॉलबाहेर बसची वाट बघत उभी होती. परत आल्यावर कोणी जेवलं नाही. बहरीनचा संघ जिंकला आणि शुक्रवारच्या अंतिम सामन्यात गेला, एवढी बातमी मात्र कळली.

गुरुवारी सकाळी मॅनेजरने मला बोलावलं. लेबनॉनचा माणूस, सरळ, पण वरून दट्ट्या आला की घाबरणारा. म्हणाला, "तुमच्या कॅम्पातून खोट्या तिकिटांचा गठ्ठा आला, असं तिकडून कळवलंय. कोणीतरी रंगीत कॉपी काढून विकतोय. फायनलच्या आधी माणूस शोधा. नाही सापडला तर या कॅम्पातला एकही माणूस आत जाणार नाही. सापडला, तर त्याचं खुरूज. खलास."

मला फिटरचा चेहरा आठवला. पण चेहऱ्यावर दाखवायचं नाही, ही नोकरीची शिकवण.

तपास म्हणजे आधी खबर. कॅम्पात एक लखनौकडचा न्हावी होता आणि न्हावी हा जगातला सगळ्यात जुना खबऱ्या आहे. मी दाढीला बसलो. दुसरा गाल होईपर्यंत नाव बाहेर आलं. तिकिटं विकली होती वसाहतीत फेऱ्या मारून कॅम्पापर्यंत येणारी कंपनीची बस चालवणाऱ्या ड्रायव्हरने. श्रीवर्धनकडचा, पाच वक्त नमाज पढणारा, बसमध्ये राहिलेली छत्री परत आणून देणारा माणूस. त्याचं नाव ऐकून मला वाईट वाटलं. पण सरळमार्गी माणूस पहिल्यांदा घसरतो तेव्हाच जास्त घसरतो, असाही माझा अनुभव होता. शिवाय टॉकीजबाहेर ब्लॅक करणाऱ्यांना पकडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. तिकीट म्हटलं की मला आधी ब्लॅकवालाच दिसायचा.

त्याला ऑफिसात बसवलं. जबाब घेण्याची माझी एक जुनी तऱ्हा होती. समोरच्याला चहा द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. ज्याच्या पोटात पाप असतं त्याला शांतता सोसत नाही, तो बोलायला लागतो. ड्रायव्हरने चहा घेतला, कप खाली ठेवला आणि तोही गप्प बसला. थोड्या वेळाने मलाच बोलावंसं वाटू लागलं.

"तिकिटं तू विकलीस?"

"मीच इकली, साहेब. ता कबूल."

"खोटी होती."

"खोटी नाय. खोटा धंदा मी करनार नाय."

"मग तुला दिली कोणी?"

"ता नका इचारू."

"अरे बाबा, खुरूज लागेल. घरी तीन पोरी आहेत ना लग्नाच्या?"

"हायत."

"मग नाव सांग."

त्याने मान हलवली. मी आवाज चढवला, समजावलं, पुन्हा चढवला. माणूस खडकासारखा. शेवटी म्हणाला, "साहेब, पोरींचा नाव तुमीच काढलात. तुमच्या घरात बी लेकीसुना असतील. मंग समजून घ्या."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिकिटं देणारी बाई होती. वसाहतीत राहणारी, कुणा साहेबाची बायको, बसमधून जाता-येता ड्रायव्हरला भाऊ मानून बोलणारी. बाहेर बंदी असली तरी भिंतीच्या आत बायका स्वतः गाडी चालवत होत्या. त्यांनी कुणाला चार तिकिटं दिली तर आभाळ कोसळत नव्हतं. पण माझा रिपोर्ट भिंतीच्या बाहेर फिरला असता. परक्या बाईचं आणि परक्या माणसाचं नाव एका कागदावर आलं की त्या मुलखात पुढे काय होईल, याचा नेम नव्हता. हा माणूस स्वतःच्या पोटावर पाय घेऊन तिचं नाव राखत होता.

मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "जा. चहा गार झाला."

माणूस खोटा नाही, हे मला पटलं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. डायरीत लिहायला हातात काही नव्हतं, आणि उद्या फायनल होती.

डोकं दुखू लागलं म्हणून दवाखान्यात रक्तदाब बघायला गेलो. आमचा डॉक्टर हैदराबादी, बायकोमुलांसह खोबर शहरात राहणारा. पट्टा दंडाला बांधता बांधता म्हणतो, "क्या मॅच था साब कल, नक्को पूछो! बेगम तो कुर्सी पे खडे हो गए."

मी पट्ट्यासकट उभा राहिलो. "तुम्ही गेला होतात? तिकीट कुठलं?"

"अपना बसवाला दिया ना. वो नहीं होता तो टिकट किधर मिलता?"

त्याच्या पाकिटात अर्धं फाडलेलं तिकीट होतं. मी ते मागून घेतलं आणि तसाच फिटरच्या केबिनवर गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. उशीखालून त्याने आपलं तिकीट काढून दिलं. दोन्ही शेजारी शेजारी धरली. तोच हिरवा रंग, तोच कागद, तीच छपाई, आकडेही एकाच ओळीतले. एक खरं आणि एक खोटं असणं शक्यच नव्हतं. मग एकाच गठ्ठ्यातल्या तिकिटावर डॉक्टर आत गेला आणि आमची माणसं बाहेर राहिली, हे कसं?

तशी मी सगळ्या मंडळींना मेसच्या सावलीत गोळा केलं. पंचनाम्यात आधी जागा बघायची असते. म्हणून मी तिकिटाबद्दल न विचारता जागेबद्दल विचारलं.

"हॉलला दारं किती होती?"

"दोन, साहेब."

"तुम्ही कुठल्या दाराने गेलात?"

"सिंगल्सच्या."

"का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हाताऱ्याला उन्हाचा त्रास झाला असावा तसे. एक वेल्डर म्हणाला, "साहेब, म्हणजे काय? आपण सिंगल्सच ना? फॅमिली गावाक."

मी हिरवं तिकीट पुढे केलं. "यावर काय लिहिलंय, वाच."

त्याने वाचलं. अरबीतही होतं आणि इंग्रजीतही, चांगलं ठसठशीत: फॅमिली विभाग. वाचता येत नव्हतं असं नाही. शिकलेली पोरं होती. पण एकानेही ते वाचलं नव्हतं. त्या देशात हॉटेलला दोन दारं, बागेला दोन दिवस, दुकानाला दोन रांगा. एक फॅमिलीवाल्यांसाठी, एक एकट्यांसाठी. इतकी वर्षं ही माणसं एकट्यांच्या दाराने ये-जा करत होती की पाटी वाचायची गरजच संपली होती. पाय आपोआप तिकडे वळायचे. घरी बायका होत्या, पोरं होती, सुना आलेल्या होत्या, आणि इथे सगळे सिंगल्स.

पहारेकऱ्याचंही चूक नव्हतं. त्याच्या दाराला तिकिटं पांढरी. तिथे एकाच लेबर कॅम्पातून, एकेकट्या पुरुषांच्या हातात हिरव्या तिकिटांचा थवा आला. त्याने त्याच्या परीने हिशेब लावला की फॅमिलीची तिकिटं यांच्या हातात येतीलच कशी, कोणीतरी कॉपी मारलेली आहे. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

मॅनेजरपुढे दोन्ही तिकिटं ठेवली आणि सगळं सांगितलं. कुणी दिली, हे त्याने विचारलं. मी म्हटलं, "वसाहतीत राहणाऱ्यांनी. खरी तिकिटं ज्यांना वाटली त्यांच्यापैकीच कुणी. खोटं काही नाहीच, तर नाव कशाला?" त्याने खांदे उडवले आणि तिकडे फोन लावला. ड्रायव्हर सुटला, कॅम्पावरची बंदीही उठली. पण मी उठताना मॅनेजर म्हणाला, "तुमच्या माणसांना त्याचा काही उपयोग नाही. पांढरी तिकिटं संपलीत आणि हिरव्यावर एकटा पुरुष जात नाही. फॅमिली म्हणजे फॅमिली."

म्हणजे केस सुटली आणि फिटर होता तिथेच राहिला.

शुक्रवारी दुपारी ड्रायव्हर माझ्याकडे आला. खिशातून एक हिरवं तिकीट काढलं. "फायनलचा हाय. येकच गावला. फिटरला द्या. त्याच्या तोंडाकडे बघवत नाय."

फिटर म्हणाला, "नको साहेब. परत एकदा दारातून हाकलून घ्यायची ताकद नाय माझ्यात."

मला राग आला. त्याचा नाही, एकूणच. आणि राग आला की माझं डोकं जरा बरं चालतं. कायद्याचं कलम वाचताना त्यात काय लिहिलंय याच्याइतकंच काय लिहिलेलं नाही, हेही बघायचं असतं. फॅमिली म्हणजे बायको, असं त्या तिकिटावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी ड्रायव्हरला विचारलं, "संघांना हॉलवर कोण नेतं?"

"मीच."

"मग त्या पोराच्या कानावर एवढंच घाल, की तुझा बाप फॅमिलीच्या दाराशी उभा आहे."

संध्याकाळी मी फिटरला घेऊन गेलो. सुरक्षा अधिकारी म्हणून माझ्याकडे वसाहतीचा पास होता, हॉलचा नव्हता. त्याने धुतलेला शर्ट घातला होता. हॉलसमोर आलो आणि त्याचे पाय सिंगल्सच्या रांगेकडे वळले. मी कोपराला धरून त्याला इकडे ओढलं. आमच्या पुढे बुरख्यातल्या बायका, कडेवरची पोरं, डॉक्टर-इंजिनियर लोकांची कुटुंबं. त्यांच्यात आम्ही दोन पिकलेले पुरुष, मुंजीत घुसलेल्या आगंतुकांसारखे.

पहारेकरी सौदी होता, तरुण, दाढी कोरलेली. तिकीट बघितलं, आम्हाला बघितलं. "वेन फॅमिली?" म्हणजे कुटुंब कुठाय.

मी आत बोट दाखवलं. "आत आहे. येईल."

हे त्याने हजारदा ऐकलं असणार. त्याने आम्हाला बाजूला उभं केलं. लोक आत जात राहिले. आत शिट्टी वाजली, चेंडू आपटल्याचे आवाज सुरू झाले. फिटर हळूच म्हणाला, "चला साहेब, जाऊ." मी म्हटलं, "उभा राहा." आयुष्यात पुष्कळ आरोपींना मी दरडावून उभं केलंय. त्या माणसाला दरडावताना माझा आवाज फाटला.

आणि मग दार ढकलून एक मुलगा धावत बाहेर आला. संघाचा गणवेश, कपाळाला पट्टी, आमच्या दोघांपेक्षा हातभर उंच. फिटर त्याला वाट द्यायला बाजूला सरकला. ओळखलंच नाही त्याने. मुलाने ओळखलं. तो तिथल्या तिथे वाकला आणि बापाच्या पायाला हात लावला. फिटरचा हात वर गेला, डोक्यापर्यंत पुरेना, म्हणून पाठीवर थांबला.

पहारेकरी पुढे आला. मुलगा इंग्रजीत म्हणाला, "हे माझे वडील आहेत. मी यांची फॅमिली."

पहारेकऱ्याने दोघांची ओळखपत्रं मागितली. फिटरने इकामा, म्हणजे तिथला रहिवासी परवाना, दिला, मुलाने गळ्यातलं कार्ड. त्याने दोन्ही शेजारी धरली आणि मुलाच्या नावावर बोट ठेवलं. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लागतं. त्यांच्याकडेही तसंच लागतं. ते मधलं नाव त्याने एकदा वाचलं, मग इकाम्यावरचं नाव वाचलं. पुराव्याला आणखी काही लागलं नाही. दोन्ही कार्डं परत देऊन तो बाजूला झाला आणि हात आत करून म्हणाला, "तफद्दल." या, म्हणजे मानाने या.

तिकीट एकच होतं. मी बाहेर बसमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो. आतून आवाज उठला की तो विचारायचा, "आपला का त्यांचा?" मला तरी काय कळणार? दोघंही आपलाच धरून चाललो होतो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? पोलिसाची नजर माणसाने काय केलं, यावर असते. जबाबाच्या सुरुवातीला नाव, वय, धंदा, राहणार कुठला, एवढं लिहिलं की माणूस कागदावर आला, असं मी धरून चालत असे. त्या मंडळींनीही स्वतःला तसंच धरलं होतं: फिटर, वेल्डर, सिंगल्स. एखादी गोष्ट माणसाला रोज सांगितली की तो ती खरी मानतो आणि दुसऱ्या दारावरची पाटी वाचणं सोडून देतो. गुन्हा इथे कोणाचाच नव्हता. म्हणून तर ही केस मला जास्त लागली.

परत येताना फिटर पुढच्या सीटवर बसला. कॅम्पाच्या फाटकाशी वाट बघत थांबलेली मंडळी बसमध्ये चढली आणि विचारू लागली, कोण जिंकलं, पोराने किती बास्केट टाकल्या, खेळतो कसा? त्याला यातलं काहीही सांगता येईना. खेळ त्याला कळत नव्हताच. शेवटी तो माझ्याकडे वळला.

"मधे एकदा पडला, साहेब. चांगला आपटला. मी जाग्यावरनं उठलो. मी खाली पोचायच्या आधी तो आपला आपणच उठला."